स्वयंपाकघरातली ओ

आधीच हात जोडून सांगतो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा लवकर सुटली, म्हणजे मीच सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझी ओळख तोंडदेखलीच राहिली. शब्दही साधेच आहेत, घरात बोलतो तेवढेच. शाळेतल्या बाई तर म्हणायच्या, "एकवचन आणि अनेकवचन यांतला फरक तुला या जन्मी कळायचा नाही." या गोष्टीतल्या मुलाचीही नेमकी तीच खोड आहे. तो कोण ते विचारू नका. घरात त्याला धाकटा म्हणत, आपणही तेच म्हणू. दिवा जरा जवळ घ्या, म्हणजे सांगतो.

त्या दिवशी धाकट्याकडे काम अगदी साधं होतं. भाड्याचं घर रिकामं करायचं, झाडून काढायचं, भिंतीतले खिळे उपटून भोकं बुजवायची आणि दिवेलागणीच्या आत खालच्या मजल्यावर मालकीणबाईंच्या हातात किल्ली ठेवायची.

धाकटा खुर्च्यांना नि सोफ्यांना कापड चढवायच्या दुकानात कामाला होता. हल्ली लोक तयार खुर्च्या घेतात, मोडल्या की टाकून देतात. दुकानातलं काम निम्म्यावर आलं. ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, तिथे मोठी यंत्रं आली आणि तिच्या पाळ्या घटल्या. भाडं मात्र घटणारी वस्तू नव्हे. नाकापेक्षा मोती जड झाला. मालकीणबाईंनी बरेच महिने कळ काढली, तोंडातून वावगा शब्द काढला नाही. शेवटी एकदा जिन्यात बसकण मारून म्हणाल्या, "बाळा, मलाही याच भाड्यावर चूल पेटवायची असते रे." धाकटा मुळात बोलायचाच कमी. मान हलवून वर आला आणि ताईला म्हणाला, "खोली शोधू या."

दुपारी टेम्पो आला. सामान ते काय, तासाभरात खाली गेलं. शेवटी राहिले बाबा. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही जवळजवळ गेलं होतं. उरले होते दोनच शब्द, "अगं" आणि "पाणी". धाकट्याने स्वतः जाड फोम घालून, दाभणाने दोन-दोनदा टाके मारून एक खुर्ची त्यांच्यासाठी बनवली होती. त्या खुर्चीसकट त्यांना उचललं, पुढून टेम्पोवाला, मागून धाकटा. दारातून बाहेर पडताना बाबांनी मान वळवली आणि रिकाम्या घरात हाक मारली, "अगं…"

आतून काही आलं नाही.

"अगं… ए अगं…"

जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते हाक मारत राहिले. टेम्पोवाला मोकळ्या मनाचा गडी. घाम पुसत म्हणाला, "काकी मागून येतायत का, बाबा? पुढे बसायची जागा ठेवतो त्यांना. मागे बसवलं तर हाडं खिळखिळी होतील, मग तुम्ही मला शिव्या द्याल."

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताई गाठोड्याची गाठ उगीचच पुन्हा बांधायला लागली.

कारण काकी नव्हत्याच. धाकट्याची आई हे घर भाड्याने घ्यायच्या कितीतरी आधी गेली होती. तिने या घराचा उंबरासुद्धा पाहिलेला नव्हता.

आता ती ओ म्हणजे काय ते सांगायला हवं.

या घरात आल्यावर थोड्याच दिवसांनी धाकटा अंगात ताप भरला म्हणून दुपारीच दुकानातून परतला होता. दार नुसतं लोटलेलं असे, बाबा आत एकटे. तो उंबऱ्यावर पोचतो तोच बाबांची हाक आली, "अगं… पाणी…" आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"ओ…"

बाईचा आवाज. घाईतला नाही. कामात हात गुंतलेल्या बाईने, मान न वळवता, नवऱ्याला द्यावी तशी लांबवलेली ओ. धाकट्याला वाटलं, शेजारची कुणी आली असेल. तो आत गेला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. कोमट पाण्याचा आणि ओल्या पदराचा वास मात्र दाटून राहिला होता. तो वळला, तर बाबांच्या डाव्या हातात पेला होता, बाहेरून ओला, भरलेला. बाबा शांतपणे पाणी पीत होते.

त्याने रात्री ताईला सांगितलं. ताईने ताट घासता घासता ऐकून घेतलं.

"भिंती पातळ आहेत. शेजारच्या काकू असतील."

"त्या भिंतीपलीकडे रस्ता आहे, ताई. आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत."

ताई हळूच म्हणाली, "आई कधी ओ म्हणायची का रे?"

नाही. आई 'आले, आले' म्हणायची. नेहमी दोनदा.

"मग… ही कोण?" धाकट्याने विचारलं.

"हळू बोल," ताई म्हणाली.

आणि पुन्हा कधी त्या दोघांनी हा विषय काढला नाही. पण माणूस भीतीतही हिशेबाने वागतं. आधीच्या घरी बाबा दिवसभर आईला हाका मारत. ओ मिळाली नाही की उठू पाहत, आणि पडत. एकदा डोकं फुटलं होतं. या घरात आल्यापासून ते एकदाही पडले नव्हते. बाबांनी आईला जन्मात नावाने हाक मारली नाही, कायम 'अगं'. नावाने मारली असती, तर जिचं नाव तिनेच यायला हवं होतं. 'अगं'ला मात्र कुणीही ओ देऊ शकतं. कुणीतरी देत होतं.

हळूहळू ताई कामावर निघताना स्वयंपाकघर लख्ख करून ठेवू लागली. पेला स्वच्छ धुऊन पालथा घालून ठेवायची. आणि दारातून, कुणाकडेच न बघता म्हणायची, "लक्ष ठेवा हं." धाकटा तेव्हा चपला शोधण्यात गुंग असल्याचं दाखवायचा.

तर त्या दुपारी, टेम्पो सुटायच्या आधी ताईने त्याला बाजूला घेतलं. बाबा टेम्पोत अजून "अगं… अगं…" करत होते, आवाज बसायला आला होता.

"तू मागे राहतोयस ना… तर एकदा विचारून बघ."

"कुणाला?"

"मला काय विचारतोस? तुला माहीत आहे." तिचे डोळे भरले होते. "उद्या सकाळी मला पाळीवर जायलाच हवं. गेले नाही तर नाव कापतील. तुझंही दुकान. बाबांना त्या नव्या खोलीत एकटं कसं टाकायचं, सांग. ओ दिली नाही कुणी, तर ते उठतील. तिथे तर फरशीही दगडी आहे."

टेम्पो गेला. धाकटा वर आला.

ज्या घरातून सामान गेलं आहे त्या घरात कधी एकटे उभे राहिला आहात? घर कालचंच असतं, पण आवाज बदलतो. तुमचंच पाऊल तुमच्या मागून चालतं. धाकट्याने झाडलं. खिळे उपटले. भोकांत ओली पुट्टी भरली, बोटाने सारखी केली. थंडीचे दिवस, ऊन लवकर उतरलं. आधी फरशीवर होतं, मग भिंतीवर चढलं, मग छताशी जाऊन लाल पडलं. वीज कालच तोडून नेली होती. स्वयंपाकघरातली भोकं त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती.

तीही संपली. आता विचारायचं.

पण काय म्हणून हाक मारायची? हा पोरगा दुकानात गिऱ्हाइकाला 'या' म्हणतानाही कानापर्यंत लाल होई. त्याने घसा साफ केला.

"मावशी…"

काही नाही.

"काकू…"

पुट्टीवरून एक थेंब फरशीवर पडला, तेवढाच आवाज.

"आत्या…? आजी…?" कुठलंच नातं ओ देईना. मग त्याच्या ध्यानात आलं. ती एकाच हाकेला ओ द्यायची. पण ती हाक बाबांची. वडीलधाऱ्या बाईला, तीही अशी, 'अगं' कसं म्हणायचं? जीभ रेटेना. बाहेर अंधारत चाललं होतं. शेवटी त्याने मान खाली घातली, डोळे मिटले आणि बाबांच्याच चालीवर, ओढून, म्हटलं…

"अगं…"

"ओ…"

समोरून आली. हात लांबवला असता तर लागला असता इतक्या जवळून. कोमट पाण्याचा वास एकदम नाकात भरला. धाकट्याची डोळे उघडायची छाती होईना. पण तो पळाला नाही. पळून जाणार कुठे, नव्या खोलीत बाबा होते.

"तुम्ही…" तो म्हणाला. एकदा हाकेपुरतं 'अगं' झालं, आता पुढे तो आदर सोडायला तयार नव्हता. "तुम्ही बाबांना पाणी दिलंत. पडू दिलं नाहीत. आम्ही दोघं भावंडं निर्धास्त कामावर गेलो ती तुमच्या जिवावर. शेजारी कितीदा म्हणाले, म्हाताऱ्याला एकटं टाकता… आम्ही कुणाला सांगणार, की ते एकटे नसतात. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. भीती वाटायची… माफ करा."

समोरची हवा हलली नाही.

"आता भाडं झेपत नाही आम्हाला. लाकडाच्या वखारीमागे खोली घेतली आहे. गल्लीत शेवटून दुसरं दार. लहान आहे. पण… तुम्ही या ना आमच्याकडे. तुम्ही या."

मग आतल्या खोलीत फरशीवर काहीतरी टेकल्यासारखं वाजलं. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. आणि भिंतीतून बारीक टिकटिक येऊ लागली. पुट्टी वाळताना वाजत असेल, असं त्याने स्वतःला बजावलं. पुट्टी रोज वापरणाऱ्याला ती वाजत नाही हे ठाऊक असतं. हा खुर्च्या शिवणारा, त्याला कोण सांगणार? खिडकीखालीही कुणी अंग सावरून बसावं तसा आवाज झाला.

तो डोळे किलकिले करून, भिंत चाचपत दाराशी आला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना तोंडून सवयीने निघून गेलं, "येतो."

आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत. जाणारा माणूसही 'येतो'च म्हणतो.

आतून उत्तर आलं, "येतो."

बाईचा आवाज. तोच. धाकट्याने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला. बाईमाणूस 'येते' म्हणेल, 'येतो' कशाला म्हणेल? आपलाच आवाज घुमला असेल. रिकामं घर आहे, घुमणारच.

मालकीणबाई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. किल्ली घेतली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"पांढराफटक पडलायस. खिळ्यांनी दमवलं का? बरं, आईला माझा निरोप सांग. गुडघे वर चढू देत नाहीत, नाहीतर भेटून आले असते कधीच. गुणाची बाई! रोज दुपारी तिची ओ ऐकू यायची. नवऱ्याला एकदा उलट बोलली नाही. आमच्या ह्यांना अशी ओ मिळाली असती तर अजून दहा वर्षं जगले असते."

धाकटा म्हणाला, "हो… सांगतो."

"या घराला बायका चांगल्या मिळतात बघ. तुमच्या आधी तो घड्याळजी राहायचा. लंगडा, काठी टेकत चालायचा. भाडं चुकवलं नाही कधी, पण मेला लबाड! मला म्हणायचा, मी सडाफटिंग, मला बायको नाही. आणि दुपारी वरून काठीची ठकठक, मग 'अगं', मग ही एवढी गोड ओ. वरच, त्याच घरात वारला बिचारा. तेव्हा मी बायकोला भेटायला म्हणून गुडघे ओढत वर गेले, तर कुणी नाही. माहेरी गेली असेल." त्यांनी किल्ली कमरेला खोचली. "आवाज मात्र सगळ्याजणींचा सारखाच हो."

धाकटा त्यांच्या पाया पडला आणि निघाला. रस्त्यात त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाठीमागे फक्त त्याचीच पावलं होती. बहुतेक.

नवी खोली खरोखरच एवढीशी. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे धाकट्याने पाय पसरले तर ते ताईच्या चुलीत जात. एका कोपऱ्यात स्टोव्ह, पुढे पडदा, तेच स्वयंपाकघर. बाजूचं, गल्लीतलं शेवटचं दार, वखारवाल्याच्या जुन्या कोठाराचं. रिकामं, गंजलेलं कुलूप घातलेलं.

ताईने त्याला दारातच गाठलं. "विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"येतो म्हणाली."

"येते म्हणाली."

"नाही, येतो म्हणाली."

"अरे, बाईमाणूस येतो कशाला म्हणेल? तुझं व्याकरण म्हणजे!" ताई रडता रडता हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू.

पण संध्याकाळ गेली आणि ओ काही आली नाही. बाबा कोपऱ्यातल्या पडद्याकडे टक लावून हाका मारत होते. ताई पडद्यामागे गेली आणि आवाज बदलून, लांबवून म्हणाली, "ओ…"

बाबांनी हळूच मान हलवली. नाही. ही नाही. आणि डाव्या हाताने खुर्चीची दांडी धरून ते उठू लागले.

दोघांनी धावत जाऊन त्यांना बसवलं. त्यांच्या पायाशी दोघं झोपली, धाकट्याने बाबांच्या पावलावर हात ठेवला होता, म्हणजे ते हलले तर कळावं. "सकाळी नाही जात मी पाळीवर," ताई अंधारात म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं, त्याचा अर्थ पुढच्या महिन्यात हीसुद्धा खोली नाही.

सकाळ झाली. वखारीतून ओल्या भुश्शाचा वास येत होता. ताई कामाची साडी हातात घेऊन नुसतीच उभी होती, नेसू की नको. बाबा जागे झाले. त्यांच्या ओठांची हालचाल दिसली.

"अगं… पाणी…"

करवतीचा आवाज. मग तोही थांबला.

"ओ…"

पडद्यामागून.

ताई आणि धाकटा, दोघंही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. देणाऱ्याकडे रोखून पाहू नये, एवढी रीत त्यांना कुणी न शिकवता येत होती. वळली तेव्हा बाबांच्या हातात पेला होता, बाहेरून ओला. ते पीत होते, आणि हनुवटीवर पाणी ओघळलं तरी त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी घरी आल्याचं सुख होतं. ताईने साडीत तोंड खुपसलं. मग भराभर आवरून, वेणी घालून, दारातून म्हणाली, "लक्ष ठेवा हं." या वेळी तिने हातही जोडले.

धाकट्यानेही जोडले. त्याच्या मनात भीती होती, नाही कसं म्हणू? पण भीतीच्या वर, दुधावर साय असावी तशी कृतज्ञता होती. त्याने डबा घेतला, चपला घातल्या. "येतो," तो बाबांना म्हणाला. बाबांच्या तोंडात पाणी होतं.

"ये," पडद्यामागून कुणीतरी म्हणालं.

तो बाहेर आला. शेजारच्या कोठाराच्या दारावरून जाताना पावलं आपोआप मंदावली. कुलूप कालच्यासारखंच होतं, त्यावर कोळ्याचं जाळंही अख्खं होतं.

आतून फरशीवर काठी टेकली. ठक. थोडं थांबून, ठक.

"अगं…" आतून एक पुरुषी, खरखरीत आवाज आला.

आणि धाकट्याच्या मागून, त्याच्या स्वतःच्या खोलीतून, तिने लांबवून उत्तर दिलं, "ओ…"

कोठारात बारीक टिकटिक चालू झाली. कुणीतरी खोकलं, तो आवाज घड्याळजीचा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा होता. कोपऱ्यात आणखी कुणी अंग सावरून बसलं.

तेव्हा त्याला शाळेतल्या बाई आठवल्या. त्याने आदराने 'तुम्ही या' म्हटलं होतं. 'तुम्ही' एकाला म्हणतात, आणि अनेकांनाही. 'येतो' एकटा पुरुष म्हणतो. आणि खूप जण मिळूनही म्हणतात.

धाकटा कुलपासमोर उभा राहिला. त्या घरात राहून गेलेल्या सगळ्यांना जी इतकी वर्षं पाणी देत आली, ती त्यांना मागे टाकून कशी येणार होती? त्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, मान लववली आणि त्या बंद दारालाही म्हणाला, "येतो."

मग तो दुकानाकडे चालू लागला. आतून किती जणांनी 'ये' म्हटलं, ते मोजायला मात्र थांबला नाही.